टकटक

इथं रिक्षाच्या पाठीवर लिहिलेलं असतं, नाद खुळा.
तालमीच्या भिंतीवर, पोरांच्या शर्टावर,
परवा तर एका केकवर.
पण तो नाद फुटबॉलचा, लाल मातीचा,
तांबड्या रश्श्याचा, बुलेटच्या फटफटीचा.
त्याला गाव वर्गणी देतं.
माझा नाद म्हणजे नुसता नाद.
वस्तूवर बोट वाजवायचं
आणि ती काय म्हणते ते ऐकायचं.

शिरोलीच्या फौंड्रीत मी ह्याचाच पगार घेते.
गार झालेलं कास्टिंग साखळीला टांगतात,
मी हातोडीनं हलकेच मारते.
ठण्ण, आणि मागं लांब शेपूट, तर पास.
ठप् झालं, तर आत कुठंतरी तडा,
डोळ्यांना दिसो न दिसो.
मोल्डर मला टकटक मॅडम म्हणतात.
तिथवर ठीक होतं.

पण पाचला भोंगा झाला, हे बोटांना कोण सांगणार?
मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा वाजवत गेले,
अडत्या म्हणाला, "ताई, गूळ घ्यायचाय का तबला?"
रंकाळ्याच्या कठड्यावर एक दगड आहे, आतून पोकळ.
रोज संध्याकाळी त्याला विचारून येते.
लोक मला ओलांडून, भेळेचा कागद सावरत, पुढं जातात.

बघायला आले होते ते इचलकरंजीचे, यंत्रमागवाले.
आई पोहे परतताना म्हणाली,
"वृषे, एवढा एक दिवस हात गप ठेव."
ठेवला. ट्रे पुढं करेपर्यंत ठेवला.
मग मुलाच्या कपाला माझी अंगठी लागली.
ठप्.
"तुमच्या कपाला तडा आहे," मी म्हणाले, "जपून."
खोली इतकी शांत झाली
की पंख्याचं बेअरिंग गेलंय हेही मला कळलं.
तेवढं मात्र मी बोलले नाही.
चहा त्याच्या पांढऱ्या पँटवर गळला
आणि गळती माझ्या नावावर लागली.

त्यानंतर काही वर्षं
बोटं ओढणीत गुंडाळून फिरले.
कलिंगडसुद्धा न वाजवता आणलं.
पांढरं निघालं.
मीठ लावून मुकाट्यानं खाल्लं.

मग बाबालाल मुजावर.
भट्ट्यांच्या घरघरीत तीस वर्षं काढून कान गेलेला मोल्डर.
रिटायर व्हायच्या आठवड्यात माझ्यापाशी येऊन ओरडला,
"मॅडम, ह्यो माझा शेवटचा माल. वाजवा की.
आन् कसा वाजतोय त्ये मला तोंडानं सांगा."
मी वाजवलं, त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "पास!"
"पास न्हवं ओ. कसा?"
असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
शब्द हुडकायला वेळ लागला.
"पितळी घागर विहिरीच्या काठाला लागावी,
आणि विहीर भरलेली असावी, तसा.
मागं जरा गारवा आहे.
अगदी शेवटाला कैरीची फोड मोडल्यासारखं."
"आंबाट?"
"थोडं."
त्यानं डोळे मिटले, मान हलवली,
आणि दुसरं कास्टिंग साखळीला अडकवलं.
भोंगा होऊन गेला. आम्ही एकवीस वाजवली.
पोरं डबे काखेत धरून उभी होती,
एकानं मोबाईल खिशात ठेवला,
एक म्हणाला, "मॅडम, ते कैरीवालं परत."

आता वही उघडी असते.
सिलिंडर अर्धा: म्हातारा खोकायच्या आधी थांबतो तसा.
बिंदू चौकातला लोखंडी बाक: कंटाळलेला, पण सच्चा.
नवी कापशी चप्पल: कर्र, आणि वर थोडा तोरा.
पोकळ दगडापुढं अजून काही लिहिलेलं नाही.
तिथं रोज खोडते.

आणि तो कप.
आईनं टाकला होता, मी कचऱ्यातून उचलून आणला.
सकाळी आधी त्याला वाजवते,
ठप्, म्हणतो, अजून तसाच.
मग चहा ओतते.
गळतो.
खाली बशी ठेवलेली असते,
तिच्यात पडताना
टप्, टप्,
त्याचा आवाज वेगळा लिहिलाय.