हात दिसायला हवेत

तापकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
हर्षल मुथा मला धूसरपणा विकतो आहे.
"एक पॉइंट आठची लेन्स, ताई. मागचं सगळं
लोण्यासारखं विरघळतं. चेहरा तेवढा उरतो."
नमुन्याला स्क्रीनवर एक नवरी,
डोळे टोकदार,
आणि पुढे केलेले मेंदीचे हात
धुक्यात गेलेले.

मी बाबांकडे बघते. बाबा नवरीच्या हातांकडे.

कसं सांगू याला,
आमच्या घरात बोटं धूसर झाली
की शब्द बोबडा होतो.
बाबा गोष्ट सांगताना हात पुढे आणतात,
थेट ऐकणाऱ्याच्या नाकापर्यंत.
भोसरीची एकतीस वर्षं,
स्वारगेटसाठी स्वतः जुळवलेली खूण,
दोन्ही कोपरं अंगाशी, श्वास रोखलेला.
ती आईला यायची. आता मला येते, अर्धीमुर्धी.

तो खालच्या कपाटातून कॅमकॉर्डर काढतो, जरा नाराजीनेच.
"हे आता क्लासवाले नेतात.
सेन्सर नखाएवढा. पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट,
मजा नाही. पण तासन्‌तास चालतो, तापत नाही."
फोरमनची गोष्टच चाळीस मिनिटांची आहे,
मिशी धरून.
"आणि आवाज बघा याचा!" आता तो खुलतो,
"दोन माइक लागतात, जाड पिनेचे.
काका, बोला ना काहीतरी."

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलू लागतात.
फोरमन. मिशी. मग प्रेस मशीन:
उजवी मूठ डाव्या तळव्यावर,
धप्प.
स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी उसळते.

बाबा थांबतात. हे काय, विचारतात.
तुमचा आवाज, मी सांगते.

पुन्हा मूठ. पुन्हा पट्टी.
मग हळूच. मग जोरात, पार लालपर्यंत.
खाली कुणीतरी हॉर्न दाबून धरलाय,
त्याने पट्टी हलते तेव्हा बाबा तिच्याकडे
मध्येच बोलणाऱ्याकडे बघावं तसे बघतात.
हर्षल एकदा माझ्याकडे, एकदा माइककडे,
आणि माइकची पेटी गुपचूप बंद करतो.

अडतीस हजार, वापरलेला म्हणून.
बॅगेचे वेगळे बाराशे सांगतो.
बाबा त्याच्या ओठांकडे बघतात
आणि अंगठा हलवतात, सावकाश, डावीकडे उजवीकडे.
हे मात्र
मला सांगावं लागत नाही.