किंग म्हणजे राजा नव्हे

उन्हाळा लागला की राजधानी इंदूरला जायची.
दाजी तिच्या सोबतीला.
एकशे बारा पेट्या, लाखेची सीलं,
झाकणावर पांढऱ्या रंगात:
पोतनीस, अभिलेख शाखा, मोतीमहाल.
थंडीत पुन्हा लश्करला.
आई म्हणे, हिचं माहेर कुठलं नि सासर कुठलं
ते एकदा ठरवा तरी.

पाटणकर बाजारात दातांचे डॉक्टर होते, लियांग.
माझी दाढ भरताना भिंतीवरचा नकाशा दाखवत,
मी तोंड उघडं ठेवावं म्हणून.
पेकिंगमधला किंग म्हणजे राजा नव्हे, बेटा. राजधानी.
अठ्ठावीस साली मान नानकिंगला गेला,
तेव्हा पेकिंगच्या नावातून राजधानी उपटली
आणि त्या खड्ड्यात शांतता बसवली, कवळीसारखी:
पेइपिंग.
चुंगकिंगचा किंग निराळा. त्याचा अर्थ उत्सव.
लढाईत सरकार तिकडे पळालं
आणि उत्सवावर वर्षानुवर्षं बॉम्ब पडले.
एकोणपन्नासात पेकिंगला आपला किंग परत मिळाला.
नानकिंगचा मात्र कुणी काढून घेतला नाही;
गाव नुसतं नावानं दक्षिणेची राजधानी,
आणि फोर्मोसातल्या मुलांच्या पुस्तकात
अजून खरोखरीची.
चूळ भर.

छप्पन साली भोपाळ ठरलं.
त्या खेपेला पेट्या परतल्या नाहीत.
बदल्यात काय मिळालं, लियांगनी विचारलं.
दाजी म्हणाले, पेकिंगला शांतता मिळाली,
आम्हाला आबकारी.
लियांग इतके हसले की खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं
तोंड मिटून घेतलं.
मग म्हणाले, पण तुमचंही नाव कुणी बदललं नाही.
लश्कर म्हणजे छावणीच ना?
दीडशे वर्षांपूर्वी ठोकलेले तंबू,
उचलायचे राहून गेले.

बासष्टच्या थंडीत हवालदार कागद घेऊन आला.
देश?
चीन.
लियांगनीच मग विचारलं, कुठला?
हवालदाराला प्रश्न कळला नाही.
त्यानं चीन लिहिलं, खाली रेघ ओढली.
राजस्थानात, देवलीला नेलं त्यांना.
छावणीतून छावणीत.
दाजी स्टेशनवर गेले नाहीत.
सरकारी नोकरी होती. आबकारीत.

दाढेतली चांदी अजून जागेवर आहे,
गार पाण्यानं ठणकते.
आणि एक पेटी कशी कोण जाणे आमच्याकडे राहिली.
तिच्यात रजया ठेवते.
झाकणावर अक्षरं पुसट झालीत,
शेवटची ओळ तेवढी वाचता येते:
परत पाठवणे.