नऊशे लारी

वहीच्या मागच्या पानावर मी बेरीज केली,
खोडली, परत केली.
कुतैसीत बर्फ पडायचा होता अजून,
बेकरीच्या भट्टीपुढे तोंड लाल, पाठ गार,
एका रात्रीचे पस्तीस लारी.
त्यातले दहा घरी, पिठाच्या डब्यात.
बेकरीत काम करणाऱ्याच्या घरी
तो डबा कुणी उघडत नाही.

बद्री म्हणाला, प्रोसेसर जुना घे,
तो मरत नाही सहसा, नुसता मागे पडतो.
एकशे साठ.
मदरबोर्डची एक पिन वाकलेली,
ती त्याने भिंगाखाली, श्वास रोखून,
सुईने सरळ केली
आणि त्या श्वासाचे पैसे लावले नाहीत.
रॅमच्या दोन पट्ट्या, एक हिरवी, एक काळी,
सावत्र बहिणी. पटवून घेतील म्हणाला.
पॉवर सप्लायवर मी घासाघीस करू लागले
तेव्हा मात्र त्याने चष्मा काढला:
"इथे हात आखडलास, पोरी,
तर बाकीचं पेटवायला काडीसुद्धा लागणार नाही."
एकशे पन्नास.
सगळ्यात नवी वस्तू ती एकच.

ग्राफिक्स कार्ड स्वानेतीच्या डोंगरातून आलं,
गोचामामाच्या गोठ्यातून.
गाई विकून त्याने तिथे तीन वर्षं
दावणीला यंत्रं बांधली होती.
दिवसरात्र आकडे दळायची ती,
कुणाच्या हाताला कधी न लागलेल्या नाण्यासाठी.
दोनशे चाळीस, भाचीला म्हणून.
पंखा उघडला तर आत गवताची काडी,
आणि वास, तापलेल्या धुळीचा, जरा शेणाचाही.
जुन्या टूथब्रशने घासून काढलं.
म्हटलं, दळण संपलं तुझं.
आता झाडं काढ.

पेटी घ्यायला पैसे नव्हते.
पावाचा क्रेट आणला, उलटा केला,
बोर्ड दोऱ्यांनी बांधला, वारा तर चहूकडून.
हात तीनदा धुतले, तरी नखात पीठ.
पेस्टचा ठिपका, वाटाण्याएवढा,
मग रेडिएटरला हात लावून उभी राहिले उगाच,
अंगातली वीज आणि धडधड
दोन्ही जमिनीत जावीत म्हणून.

बटण दाबलं. पंखे फिरले.
सगळे फिरले!
आणि मी बघत राहिले समोरच्या भिंतीकडे.

स्क्रीन.
एवढ्या बेरजांत स्क्रीन कुठेच नव्हता.

शेजारच्या नुनुकडे टीव्ही आहे, मोठा,
पण तो तिच्या खोलीतून हलणार नाही
आणि नऊपर्यंत तिची मालिका.
म्हणून रोज नऊला मी क्रेट उचलते,
लग्नातल्या ताटासारखा दोन्ही हातांवर,
आणि जिना चढते.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, कुणाला मारायचंय?
म्हटलं, आधी लांडगे, मग एक राजा.
तिने सूर्यफुलाच्या बिया सोलत पाहिलं थोडा वेळ.
मग: "ही नदी कुठे जाते?"
ठाऊक नव्हतं मला.
"उताराने जा. उताराला समुद्र असतो."

नुनु सुखुमीची.
एकतीस वर्षं झाली, तिकडे जाता येत नाही.
हे तिने मला कधी सांगितलेलं नाही,
सगळ्या जिन्याला माहीत आहे.

लांडगे सोडून आम्ही नदी धरली.
तीन रात्री. मध्ये एकदा कड्यावरून पडले,
तेव्हा ती माझ्यावर ओरडली, आईसारखी नाही,
सोबत चालणारीसारखी.

समुद्र आला तेव्हा कार्ड दमलं.
लाट उचकत, अडखळत किनाऱ्याकडे येऊ लागली,
एक पाऊल, थांब, एक पाऊल.
मी सेटिंग कमी करायला गेले, सावल्या घालवायला,
नुनुने मनगट धरलं.
"राहू दे. घाई कुणाला आहे?"

राजा अजून जिवंत आहे.
पंचेचाळीस लारी उरलेत.
बेकरीने सोमवारी क्रेट परत मागितलाय.