अर्धा स्वर वर

कायतान मास्तरांकडे, रेल्वे गेटाजवळच्या घरात,
लाखेची एक तबकडी होती, बिननावाची.
मधलं लेबल कसरीनं खाल्लेलं.
"नाव कशाला पायजे तुला? ऐक,"
म्हणायचे, आणि ग्रामोफोनला चावी देऊन
श्वास धरून सुई टेकवायचे,
कंपाउंडरनं लहान पोराला टोचावी तशी.

मी उद्यमबागेत पॅटर्नमेकर.
दिवसभर सागवानाचे साचे,
लोखंड निवताना जेवढं आकसेल
तेवढं आधीच मोठं धरायचं, हा आमचा धंदा.
संध्याकाळी सायकलीच्या कॅरिअरला क्लॅरिनेट.
आई म्हणायची, वरातीत तरी वाजव, चार पैसे येतील.
पण मला जाझ लागलं होतं,
कुणाला तपकीर लागते तसं.
समेवर न येता समेच्या मागून येणारं,
उशीर झाला तरी माफी न मागणारं.
आणि त्यातला तो गंधार, कोमलही नाही, शुद्धही नाही.
मास्तर म्हणायचे, ह्या गंधाराला गाव नाही, भरमू,
दोन्हीकडचे त्याला पावणा म्हणतात.

त्र्याऐंशी साली, वीज गेलेल्या एका संध्याकाळी,
मी ती तबकडी टेप केली.
रेकॉर्डर मागून आणलेला, सेल उतरलेले.
तीन मिनिटं. दुसऱ्या मिनिटाला मिरजेची गाडी शिट्टी देत जाते,
आतून मास्तरीणबाई ओरडतात, "च्या निवता रे!"
घरी येऊन नवे सेल घातले.

तबकडी मी फार तर पाच वेळा ऐकली असेन.
कॅसेट, पाच हजार.
फीत अडकली की बसलिंगाच्या दुकानात.
तो पेन्सिल घालून फिरवायचा, स्वतःलाच बजावत,
निधान, निधान.
त्याच्या भाषेत निधान म्हणजे हळू.
माझ्या भाषेत, पुरून ठेवलेलं धन.
आम्ही दोघांनी हे कधी एकमेकांना सांगितलं नाही.

मध्ये सीड्या आल्या. मीही घेतल्या, मडगावहून, महागाच्या.
आता त्या भावानं येळ्ळूरच्या भातात बांधल्यात,
वाऱ्यावर चकाकतात, पोपट बिचकतात.
एवढा उपयोग कॅसेटीचा झाला नसता.

परवा भाचा सुयश म्हणाला, मामा, नुसतं गुणगुण, फोन ओळखतो.
गुणगुणलो. ओळखलं की मेल्यानं!
नाव, साल, वाजवणाऱ्यांची नावं,
कोण कुठल्या बाजूला बसला होता तेसुद्धा.
मग वाजलं.

खरखर नाही. गाडी नाही.
आणि सगळं अर्धा स्वर खाली, संथ,
पांढरी चारमध्ये,
जे मी चाळीस वर्षं काळी तीनमध्ये,
बोटं वाकडी करकरून घोटलं होतं.
उतरलेल्या सेलवर भरलेलं, नव्या सेलवर धावलेलं.
मी ह्याला वरातीतली मस्ती समजत होतो.
भावाच्या लग्नातही वाजवलं होतं, लोक नाचले होते.
हे तर कुणीतरी कुणालातरी पोचवून परत येताना वाजवलंय.

मास्तर तबकडी संपली की खिडकीशी जायचे.
मला वाटायचं, विडीसाठी.

सुयश म्हणतो, आता मूळ पट्टीत बसव, सोपं आहे.
सोपं आहेच. बोटं सरळ पडतात, दमही पुरतो.
काल त्याच्यासमोर वाजवलं, निधान.
दुसऱ्या मिनिटाला थांबलो,
गाडी जायला लागते तेवढा वेळ,
आणि वर एक हाक.
त्याला वाटलं, विसरलो.
"पुढचं मोबाईलवर लावू काय, मामा?"
नको म्हटलं. तू च्या घे.
निवायलीय.