खाच

अवालीच्या जुन्या तांत्रिक ग्रंथालयाचं तळघर
रिकामं करायचं कंत्राट माझ्याकडे आहे.
रविवारी ट्रक येईल.
स्कॅन करण्याजोगं स्कॅन केलं, उरलेलं भंगार,
असं कागदावर लिहिलंय,
खाली सही माझीच.

लोखंडी कपाटामागे ती पेटी सापडली.
चार हजार कार्डं, पोस्टकार्डाहून जराशी मोठी,
चारी कडांना ओळीनं भोकं
आणि काही भोकांपासून कडेपर्यंत कापलेली खाच,
उंदरानं हिशेबानं कुरतडावं तशी.
सोबत विणकामाची एक सुई, दहा नंबर.
बहरीनमध्ये स्वेटर कोण विणतं?

सय्यद अलवींना विचारलं.
ऐंशीच्या पुढचे, एक कान गेलेला,
मुंबईची हिंदी मात्र शाबूत.
"टिपनीस साब की सुई," म्हणाले,
"मेमसाब के डिब्बे से चोरी किया था."

मग त्यांनी दाखवलं.
गठ्ठा हातात घ्यायचा, कडा ठोकून जुळवायच्या.
प्रश्न ठरवायचा:
कुठल्या कुठल्या विहिरीत खारं पाणी शिरलं?
मीठ म्हणजे सातवं भोक.
सातव्यातून सुई घालायची आणि उचलायचं.
ज्यांच्यापाशी उत्तर नाही, ती लटकून राहतात.
ज्याला खाच आहे, ते पडतं.

वीस वर्षं मी शोधतेय ते बटण दाबून.
उत्तर पडताना आवाज होतो
हे मला ठाऊक नव्हतं.

मोरेश्वर टिपणीस, मुक्काम चौल.
कुठल्याशा दरबारात पूर्वजानं दुसऱ्यांची वाक्यं टिपली,
यांनी दुसऱ्यांच्या विहिरी.
हुद्दा: कारकून, दुसरा वर्ग.
भोकांची ही सगळी भाषा त्यांनी एकट्यानं रचली,
जेवणाच्या सुट्टीत, पंख्याखाली,
कार्डं उडू नयेत म्हणून पंखा बंद करून.
चिमटा अलवी चालवायचे, तेव्हा सतरा वर्षांचे.
कंपनीच्या जाडजूड इतिहासात
मॅनेजरच्या कुत्र्याचंही नाव आहे.
यांचं मी तीनदा शोधलं.

भोकांचा अर्थ लिहिलेली एक वही होती.
"दफ्तर," अलवी म्हणाले.
"दफ्तर?" मी म्हटलं.
"दफ्तर!"
आमच्याकडे ते पोरांच्या पाठीवर असतं
आणि सरकारच्या कपाटात,
तुमच्याकडे नुसती वही.
मग हिशेब, जवाब, कलम, खबर,
एकेक शब्द टेबलावर काढून ठेवत गेलो,
जुने भागीदार देणीघेणी तपासतात तसे.
तारीख म्हटलं तर ते थांबले.
त्यांच्याकडे तारीख म्हणजे इतिहाससुद्धा.
माझ्याकडे फक्त रविवार.

वहीत चाळीस भोकांचे अर्थ आहेत:
गंज, गाळ, मीठ, खोली, स्फोट, पंप बदलला.
माणसासाठी एकही नाही.
एकेचाळिसाव्यापुढे निळ्या शाईत, मराठीत,
"राखीव. पुढे कळेल."

एक कोरं कार्ड उरलं होतं.
मी लिहिलं: टिपणीस, मोरेश्वर. चौल.
सुई पत्नीची, नाव माहीत नाही.
चिमटा: सय्यद अलवी.
हे शेवटचं त्यांना वाचून दाखवलं
तर ते दुसऱ्या कानाकडे बोट दाखवत बसले,
म्हणून पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

चिमटा कधीचाच हरवलाय.
माझ्या नखं कापायच्या कात्रीनं
त्यांनी एकेचाळिसावं भोक कापलं,
हात थरथरत होता, खाच वाकडी आली.
कार्ड गठ्ठ्यात मिसळलं. कडा ठोकल्या.
सुई घातली. उचललं.

काहीच पडलं नाही.

"पुराना माल है," अलवी म्हणाले,
"हिलाना पडता है."

मी हलवलं.