चार दिवस लागतले

मिक्सर पिशवीत घालून बंदराच्या रस्त्याला गेले,
रुजायच्या दुकानात. दुकान म्हणजे
एक बाक, एक टेबल, कथलाचा धूर
आणि भिंतभर फळ्या.

"काय झाला?"
म्हटलं, फिरत नाही. नुसता कण्हतो.
"पडलो काय?"
नाही, म्हटलं.
(पडला होता. माझ्याच हातून,
सोमवारी, फोनवर बोलताना.)

त्याने तो पालथा घातला. चार स्क्रू निघाले.
पाचवा गंजलेला. त्याला थेंबभर तेल पाजलं
आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.
वेंगुर्ल्याच्या हवेत स्क्रूसुद्धा
लगेच तोंड उघडत नाहीत.

मग झाकण निघालं, आणि मला
कुठे बघू असं झालं.
अकरा वर्षांचं वाटण होतं आत.
खोबऱ्याचा काळा राप, हळद,
तिरफळाचा एक दाणा, अख्खा,
मुंग्यांची वाळलेली रांग, कुठेतरी निघालेली.
पाहुणे यायचे असले की मी ओटा दोनदा पुसते.
आणि हा माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या
पोटात डोकावत होता,
काही न बोलता.

वाटलं, लोक नवं घेतात ते याचसाठी असेल.
नवं येतं थर्माकोलमध्ये. त्याला काही माहीत नसतं.
ते विचारत नाही, पडलो काय.

"कपलर गेलो. कुडाळसून हाडूक होयो.
चार दिवस लागतले."

चार दिवस म्हणजे
भाजलेलं खोबरं घेऊन मोचेमाडकरांकडे जाणं,
त्यांच्या सुनेचं सगळं ऐकणं,
आणि ती "राहू दे हो" म्हणेपर्यंत
त्यांचं भांडं धूत राहणं.
घरी नवऱ्याने मोबाइलवर एक काढूनच ठेवला असेल,
लाल रंगाचा, परवा येणारा.
हिशेब केला तर त्याचंच बरोबर निघेल.
हिशेबात तो कधी चुकत नाही.

फळ्यांकडे बघितलं.
इस्त्र्या, रेडिओ, पाण्याचा एक पंप,
प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.
एवढं काम पडलंय?
"काम खंय? सगळा झालला आसा.
न्हेवक कोण येवक नाय."

दर रविवारी, मिसा झाली की,
तो एकेक लावून बघतो, पाच-पाच मिनिटं.
नाहीतर खारी हवा खाते त्यांना.
म्हणजे रविवारी आतून कडी असते
आणि अर्ध्या गावाने टाकलेलं
आत सुरळीत चालू असतं.

वरच्या फळीवर निळा टेबलफॅन.
ती चिठ्ठी वाचायला मला चष्मा लागला नाही.
आमचं आडनाव. ऐंशी रुपये.
आणि साल, ज्या साली मुलगी दहावीला होती.
तेव्हाही चार दिवस म्हणाला होता.
पण उकाडा त्याच रात्री होता,
आणि तिचा भूमितीचा पेपर सकाळी.
दिवे लागायच्या आत आम्ही
दाभोली नाक्यावरून नवा आणला.
तो दोन उन्हाळे चालला. त्याच्यानंतरचा दीड.
हा इथे चालतोय अजून,
आठवड्यातून पाच मिनिटं,
समोर कुणी नसताना.

ऐंशी रुपये काढून दिले.
त्याने घेतले, वहीत काट मारली.
फॅन मात्र मी मागितला नाही.
घरात ठेवायचा कुठे, असं उत्तर
तयार करून ठेवलं होतं.
त्याने विचारलंच नाही.

कानावरची पेन्सिल काढून
त्याने माझं नाव लिहिलं,
मिक्सरच्या मानेला दोरा बांधला,
गाठ ओढून बघितली.

"न्हेवक येतलात मां?"

होय तर, म्हटलं.

पायरी उतरताना वाटलं,
असंच म्हटलं असणार सगळ्यांनी.
याच बाकावर बसून. मनापासून.