वस्तरा

डँडनाँगच्या बाजारामागे
कुर्बानअलीचं सलून.
गुरुवारी म्हातारा थानासिस येतो,
खुर्चीत रेलतो, डोळे मिटतो,
मान देतो.

"या होड्यांतून येणाऱ्यांना
समुद्रातूनच परत धाडावं,"
फेसातून ओठ हलतात.
"रांग मोडून घुसतात,
उद्या केसाने गळा कापतील.
तू नाहीस हं त्यातला."

वस्तरा कानाखाली थांबतो.
अकरा दिवस होडीतलं पाणी उपसून आलेला हात
तसूभरही हलत नाही.

रेडिओवर फुटबॉलचा स्कोअर.

"तुम्ही कसे आलात, काका?"
"आम्ही? जहाजाने. चोपन्न साली."
मग बराच वेळ
नुसती पात्याची खरखर.

उठताना तो दोन डॉलर जास्त ठेवतो.
"पुढच्या गुरुवारी असशील ना?"

कुर्बानअली टॉवेल झटकतो.
"दुसरीकडे कुठे जाणार."